तांदूळ निवडायची जागा

माझी चूक कोणी दाखवली की मला आधी राग येतो. चूक दिसते ती दोन दिवसांनी. साताऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो नवरा काढतो आणि विकायच्या फ्लॅटचे मी. हे काम मला एका एजंटाने दिलं. तो नवऱ्याचा शाळेतला मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतो आणि वहिनी म्हणत म्हणतच माझी पिसं काढतो.

पहिल्या फ्लॅटचे फोटो पाठवले तर त्याचा व्हॉइस मेसेज आला, "वहिनी, ह्यो हॉल हाय का बोगदा? लोकांनी बॅटरी घिऊन यायचं का बघायला?" मी चिडले. पुढच्या खेपेला घरातले सगळे दिवे लावले आणि वर फ्लॅश मारला. तर म्हणतो, "आता सोनाराचं दुकान झालंय." मग मी वाइड लेन्स आणली. दहा फुटांचा हॉल मंगल कार्यालयाएवढा दिसायला लागला, मी खूश! तो बघायला पाटणहून एक कुटुंब आलं आणि दारातच विचारू लागलं, "फोटोतला हॉल कुठं हाय?" त्या दिवशी एजंटाने टोमणा न मारता त्यांचं एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून दिलं. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर आला सुभेदारकाकांचा फ्लॅट. काका फौजेतून रिटायर झालेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. दिवाळीपासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. हा फ्लॅट विकायचा आणि सांगलीत लेकीच्या शेजारी तळमजल्यावर घर घ्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी फोटो काढून दिले, पण महिनाभरात एकही माणूस तो जिना चढला नाही. एजंट म्हणाला, "वहिनी, चूक फ्लॅटची न्हाई, माझीबी न्हाई." उरलं कोण ते मला कळलं.

मी पुन्हा गेले, भर दुपारी. काका कोटावर मेडलं लावून सोफ्यावर ताठ बसलेले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसलेली. आवं काका, फोटो घराचे काढायचेत, असं सांगितलं तर काकू म्हणाल्या, "मानसाबिगर कसला फोटू, पोरी?" त्यांना हॉलमधून हलवलं तर दोघं माझ्या आधी बेडरूममध्ये जाऊन उभे.

शेवटी दमून काकू भिंतीला धरून खिडकीपाशी पाटावर टेकल्या, पाय लांब सोडले आणि म्हणाल्या, "आत्ता दुपारची कशाला आलीस? हितं उजेड नऊला येतो आन् साडेधाला जातो. मी तवाच तांदूळ निवडती. खडा दिसाय पायजे का नको?"

इतकी वर्षं कॅमेरा हातात असलेल्या बाईला उजेड शिकवतायत! मी तोंड फुगवून घरी आले. नवऱ्यावर उगाच खेकसले. आणि दोन दिवसांनी, ठरल्याप्रमाणे, मला चूक दिसली.

तिसऱ्या खेपेला मी नऊच्या आत हजर. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं आणि फरशीवरून हळूहळू पाटापर्यंत सरकलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेवढ्यात काकू म्हणाल्या, "उभी काय ऱ्हातीस? बस हितं. मानूस घरात बसतंय का उभं ऱ्हातंय?"

या वेळी मी मुकाट्याने बसले. साधी लेन्स लावून छातीच्या उंचीवरून बघितलं, तर भिंती सरळ उभ्या राहिल्या. हॉल जेवढा होता तेवढाच दिसत होता आणि तेवढाच छान दिसत होता. पाटाजवळचं काकूंचं तांदळाचं ताट उचलणार होते, पण राहू दिलं. जाताना मेडलांसकट काकांचा एक वेगळा फोटो काढला, तेव्हा घराच्या फोटोत न घेतल्याचा त्यांचा रुसवा गेला. एजंटाचा मेसेज आला, "बरं हाय." त्याच्या तोंडून हे म्हणजे मेडलच.

आठवड्याभरात वाईचं एक कुटुंब सकाळी साडेनऊला जिना चढून आलं. काकूंनी मला हक्कानं चहाला बोलावलेलं, म्हणून मीही तिथंच होते. त्यांच्यातली म्हातारी आई धापा टाकत आत आली. किचन नको, बेडरूम नको, ती सरळ खिडकीपाशी गेली आणि खाली बसली. "त्यो फोटूतला उजेड हितलाच की!" तिनं फरशीवर हात ठेवला. काकूंनी ताट तिच्याकडे सरकवलं. आत पुरुष पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते तोवर या दोघींचे अर्धे तांदूळ निवडून झाले. सौदा तिथंच ठरला, असं मी आजही एजंटाला सांगते.

काकू सांगलीला निघाल्या त्या दिवशी जावयानं आणि टेम्पोवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. खाली खुर्ची टेकली तसा काकूंनी पदर सारखा केला, वर आभाळाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "आता काढ माझा फोटू."

मी मोबाइलवर काढून दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून नीट बघितला. "उजेड पाठीमागं हाय गं. तोंड काळं आलंय माझं. परत काढ."

मला अजिबात राग आला नाही. मी खुर्ची उजेडाकडे वळवली आणि परत काढला.