पत्रकातली दोन नावं

तोंग यालान आमच्या वर्गाची मन-मॉनिटर झाली ती केवळ खाली वाकायची राहिली म्हणून. आमच्या कॉलेजात प्रत्येक वर्गातून मानसिक आरोग्याचा एक प्रतिनिधी निवडावा लागतो. खेळाचा मॉनिटर व्हायला मारामारी, पण हे पद पुकारलं की सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या एकदम सुटतात. त्या दिवशी यालान तेवढी ताठ बसली होती.

"तोंग यालानला करा, सर! ती सारखी हसत असते!" मागच्या बाकावरून गेंग शू ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

काम असं काही नव्हतं. दर रविवारी वर्गातल्या बत्तीस जणांचं एक पत्रक भरून शाओ सरांना पाठवायचं. शाओ सर आमच्या वर्षाचे मार्गदर्शक. हजेरी, हॉस्टेल, भांडणं, आजारपणं सगळं त्यांच्या गळ्यात. पत्रकात झोप, जेवण, वागणूक असे तीन रकाने. यालान सरसकट 'ठीक' लिहायची. चार मिनिटांत काम संपायचं. त्या बत्तिसांत तिचं स्वतःचंही नाव होतं.

मी वेई निंग, तिची खोलीतली सोबतीण. आमचे पलंग पायाकडून पायाकडे जोडलेले. ती चांगये गावची. वडील दारं-खिडक्यांना लोखंडी जाळ्या वेल्डिंगनं जोडून देतात, आई शाळेपुढे गाड्यावर लियांगपी, म्हणजे थंड नूडल, विकते. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. इथे लांचौला कॉलेजात येताना वडिलांनी तिचं सामान स्वतः खांद्यावरून चौथ्या मजल्यावर आणलं होतं, हे ती कौतुकानं सांगायची.

दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात, भर दुपारी, मेसच्या रांगेत तिनं माझी बाही धरली.

"निंग, मी मरतेय."

मला आधी थट्टाच वाटली. मग तिचा हात लागला. बर्फ. ओठ पांढरे, श्वास वरच्या वर. हातातलं ताट कलंडलं, सूप दोघींच्या बुटांवर सांडलं. मी तिला ओढत कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागद बघितला आणि म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे. जागरणं कमी करा, गरम पाणी प्या."

चार दिवसांनी वाचनालयाच्या लिफ्टमध्ये पुन्हा तेच. मग गणिताच्या तासाला. दर वेळी तिला पक्कं वाटायचं की आता संपलं. ते दहा-पंधरा मिनिटांत ओसरायचं, पण मग ते पुन्हा येईल याची धास्ती तिला दिवसभर सोडायची नाही. ती लिफ्टनं जाईना. वर्गात दाराजवळची जागा मिळाली नाही तर परत फिरायची. मेस तर सुटलीच. मी तिला उकडलेली अंडी आणि पाव आणून द्यायचे, ती पलंगावर बसून खायची. आणि वर्गात शिरताना तोंडावर हसू चढवायची, अगदी टोपी घालावी तसं.

"अगं, समुपदेशन केंद्रात जा ना," मी एकदा म्हटलं. "त्यांचं पोस्टर तूच तर चिकटवलंस जिन्यात."

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. "हळू बोल! वरच्या मजल्यावरची ती ताई आठवते?"

आठवत होती. मंगळवारी ती केंद्रात गेली म्हणे आणि शुक्रवारी तिची गादी गुंडाळलेली. तिचे वडील कॉरिडॉरमध्ये दोरी घेऊन उभे होते, सामान बांधायला. एका वर्षासाठी घरी. आजार काय होता, केंद्रात ती खरंच गेली होती का, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या गुंडाळलेल्या गादीला मुली भुताला भ्यावं तशा भ्यायच्या.

"माझ्या बाबांना बोलावलं तर मी काय सांगू?" यालान म्हणाली. "हात शाबूत, पाय शाबूत, आणि मेसमध्ये जायला घाबरते? गल्लीत तोंड काढता येणार नाही त्यांना."

मी पुन्हा केंद्राचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. तिला काही झालं तर मला विचारतील, हीच माझी भीती. याची मला अजून लाज वाटते.

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी, कॉलेजात कुणाला कळू नये म्हणून, आम्ही दोघी शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. यालाननं मास्क लावला, माझी टोपी घातली. मनोविकार विभागाबाहेर पडद्यावर रांगेतली नावं येत होती, मधलं अक्षर झाकून. तोंग, मग फुली, मग लान. "हे काय झाकणं झालं?" ती पुटपुटली.

आतल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या. लाल खजूर घातलेला चहा पीत त्यांनी सगळं ऐकलं.

"मरावंसं वाटतं का?"

"नाही हो! मरायचीच तर भीती वाटते."

"मग नीट ऐक. त्या वेळी तू मरत नसतेस. शरीर भलत्या वेळी घाबरतंय. याला औषध आहे, आणि दर आठवड्याला बोलायला यावं लागेल. तुझ्यासारखी आज सकाळपासूनची तू सहावी."

सहावी! बाहेर येताना तिच्या चेहऱ्याला कितीतरी दिवसांनी रंग आला होता. आणि समोरच, औषधांच्या खिडकीपाशी, गेंग शू बसला होता.

वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा. जॅकेट अंगावर लोंबत होतं. तो इतका वाळलाय हे मला तेव्हा दिसलं. त्यानं यालानला टोपीखालूनही ओळखलं.

"वा, मन-मॉनिटर! इथवर पाठलाग?"

"पाठलाग कसला..."

"मग कुणाला भेटायला आलीस?"

तिनं औषधाची चिठ्ठी पाठीमागे लपवली. "मावशी. माझी मावशी असते इथे."

"माझं नाव उद्या पाठवणार ना वर?"

"नाही. शप्पथ नाही."

तो उठून चालू पडला. खिडकीतून त्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. औषध घ्यायला कुणीच आलं नाही.

बसमध्ये यालान नखं खात होती. "मी पण पेशंटच आहे एवढं म्हटलं असतं, तर तो थांबला असता गं."

रविवारी तिनं बत्तीसही जणांपुढे 'ठीक' लिहिलं. सोमवारी गेंग शू वर्गात आला नाही. मंगळवारीही नाही. त्याच्या खोलीतली मुलं म्हणाली, "झोपलाय. पलंगाचा पडदा ओढून. ढोसलं तरी उठत नाही लेकाचा," आणि हसली. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं जिन्यात उभं राहून त्याला फोन लावला. मी शेजारीच होते.

"गेंग शू, ऐक. मावशीबिवशी कुणी नाही. मीच गेले होते डॉक्टरकडे."

मी फोनला कान लावला. मग तो सावकाश म्हणाला, "बरं झालं. तू जात राहा डॉक्टरकडे. मला आता भीतीसुद्धा वाटत नाही."

फोन बंद. पुन्हा लावला, लागला नाही. यालान भिंतीला टेकली. मला वाटलं आता तिचा झटका येणार. आलाच. जिन्यावर बसून, माझा हात धरून ती धापा टाकत होती, आणि मधेच म्हणाली, "मला... शाओ सरांकडे... ने."

"थोडं थांब, शांत हो."

"थांबायचं नाही!"

शाओ सर टेबलाशी नूडल खात होते, पायांत सपाता. यालान दार धरून उभी राहिली.

"सर, रविवारचं पत्रक खोटं आहे. दोन नावं खोटी आहेत. एक गेंग शूचं." तिला श्वास पुरेना. "एक माझं. त्याच्याकडे आधी जा."

सरांनी पुढचं ऐकलंच नाही. सपातांवरच मैदानातून मुलांच्या हॉस्टेलकडे धावत सुटले. चाळिशीही न गाठलेला माणूस, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसला. गेंग शू सापडला पडद्यामागेच. दोन दिवस अन्नपाणी नव्हतं. उशीखाली घरच्यांना लिहिलेलं पत्र होतं. दुपारी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

आणि यालान ज्याला भीत होती तेच झालं. संध्याकाळी सरांनी चांगयेला फोन केला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील गाडीनं आले, हातांवर ठिणग्यांचे डाग, पिशवीत घरचे खजूर. ऑफिसात त्यांच्यापुढे कागद ठेवला गेला: एक वर्ष सुट्टी, नाहीतर घरच्या माणसानं जवळ राहून काळजी घेण्याची लेखी हमी.

"तुला कुणी मारलं का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही, बाबा."

"कुणी फसवलं?"

"नाही. मला भीती वाटते. उगाच. खूप."

त्यांना समजलं नाही. ते सरांना म्हणाले, "आमच्यात असं कुणाला नाही हो." थोड्या वेळानं पुन्हा, जरा हळू आवाजात, "माझा एक भाऊ होता. तो घराबाहेरच पडायचा नाही. आम्ही त्याला आळशी म्हणायचो." आणि त्यांनी हमीच्या कागदावर सही केली.

आई आपला गाडा बंद करून आली. कॉलेजच्या मागच्या दारापाशी एक खोली घेतली, आणि यालान तिथून ये-जा करू लागली. पहिले तीन महिने औषधानं झोप यायची, हात कापायचे, आईशी रोज खटके. "घाबरायचं काय त्यात!" असं आई दिवसातून दहादा म्हणायची आणि लेक वर्गातून बाहेर येईस्तोवर फाटकापाशी उभी राहायची. वर्गात काही जण यालानपासून लांब बसू लागले. मन-मॉनिटरचं पद दुसऱ्याकडे गेलं. दर गुरुवारी ती इस्पितळात जायची. मास्क लावणं तिनं मे महिन्यात सोडलं, उकाड्यामुळे, असं म्हणाली.

गेंग शू वर्षभर घरी होता. जाताना त्यानं तिला मोबाइलवर एकच ओळ पाठवली, "शेवटी सांगितलंसच," आणि तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. पुढच्या मार्चमध्ये तो परतला, खालच्या वर्गात बसू लागला. यालानशी तो कधी बोलला नाही. एकदा गरम पाण्याच्या नळाशी दोघं समोरासमोर आले, तेव्हा त्यानं स्वतःचा थर्मास बाजूला घेतला आणि तिला आधी भरू दिलं. एवढंच. त्या दिवशी माझ्या खोलीवर येऊन ती खूप रडली.

आता ती च्याय्वीक्वान शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. भीती पुरती गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात बसमध्ये तिला एकदम तसं झालं. ती मधल्याच थांब्यावर उतरली, बाकावर बसून राहिली, श्वास जागेवर आला तेव्हा मागून येणाऱ्या बसमध्ये चढली. कामावर वीस मिनिटं उशीर झाला. "साहेबांना कारण काय सांगितलंस?" मी फोनवर विचारलं.

"खरं तेच," ती म्हणाली.