ताईच्या विहिरीचं पाणी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी ती एकवीस वर्षं नमुने गोळा करत होती. खांद्याला पेटी, पायात रबरी बूट. लोक तिला बाटलीबाईच म्हणत. कामात भलती काटेकोर; बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाणी ओतून पुन्हा भरायची.

यंत्रांचे सुटे भाग धुणाऱ्या कारखान्याचं द्रावण जमिनीत मुरतंय अशी ओरड झाली, तेव्हा पलीकडच्या वस्तीतल्या विहिरी तिनेच तपासल्या. सगळ्या स्वच्छ निघाल्या. तिची थोरली बहीण तिथून तीन किलोमीटरवर राहायची.

"आमचं पाणी हल्ली गोडसर लागतं गं," ताई म्हणाली. "बघतेस का जरा?"

"कारखान्याला खेटून असलेल्या विहिरी ठणठणीत आहेत, तुझ्यापर्यंत काय येणार? खुशाल पी."

ताई चार वर्षं खुशाल प्यायली. मग तिच्या मूत्रपिंडात गाठ निघाली.

बाटलीबाईने त्याच आठवड्यात ताईच्या विहिरीचा नमुना नेला. कागदावरचा आकडा तिने दोनदा पडताळून पाहिला. मर्यादेच्या चाळीस पट! प्रयोगशाळेतल्या भूगर्भतज्ज्ञांनी नकाशा पसरून एक तिरपी रेघ ओढली.

"इथे जमिनीखाली खडक जुन्या काळी तुटून सरकलाय. भेगेतल्या घट्ट चिकणमातीने पाणी पलीकडे जाऊ दिलं नाही, म्हणून तिथल्या विहिरी वाचल्या. पण भेगेच्या कडेने खडकाचा चुरा आहे. त्यातून ते लांबवर वाहत गेलं. तुमच्या ताईंचं घर नेमकं या रेघेवर आहे."

ती तशीच ताईकडे गेली. ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. बाटलीबाईने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"पाण्यानेच झालं असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत," ताई म्हणाली.

"ताई, तू विचारलं होतंस. मी बाटलीसुद्धा भरली नाही."

"नाही भरलीस," ताई म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

रेघेवरच्या एकोणीस घरांची दारं तिने स्वतः ठोठावली, पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. दोघांनी तिला वेड्यात काढलं. ताई पुढच्या वर्षी गेली. मेहुण्यांनी बाटलीबाईशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.