मढवरचा हॉर्न
चहा आटून भांड्याला लागल्याचा वास आला की मला मढचं घर आठवतं. वडील एसटीचे ड्रायव्हर होते. माळशेज घाट संपला की ते दोनदा हॉर्न द्यायचे आणि तो ऐकून आई आधण ठेवायची, कारण गाडी थांब्यावर दोनच मिनिटं थांबायची. पुढे ते गेले आणि मी वैमानिक झालो. रोज चारच्या सुमाराला मी गावावरून जातो, हे आईला ठाऊक होतं. एका दुपारी मुंबईकडे उतरत होतो, इंजिनं मंद होती, खाली धरणाचं पाणी चमकत होतं. अचानक धडक टाळायचं यंत्र ओरडलं, "क्लाइंब, क्लाइंब!" समोरून दुसरं विमान येत होतं. अशा वेळी यंत्राचं ऐकायचं असतं. मी पूर्ण ताकद लावली, इंजिनं गरजली आणि ते विमान आमच्या पोटाखालून निघून गेलं. संध्याकाळी गावातल्या दुकानाच्या फोनवर आई हसत होती. "आज वरून हारन दिलास ना रं, बापावानी? मी येड्यावानी आधण ठिवलं बग." मी म्हणालो, "हो, दिला." "पर रोज नको देऊ. मागं माणसं बसल्याली असत्यात." खरं काय ते तिला कधीच सांगितलं नाही. वर्षभराने तीही गेली. दहाव्याला शेजारीण म्हणाली, "चारच्या इमानाला ती रोज आधण ठिवून दारात उभी ऱ्हायची. लई येळा आटून जायचं." आजही भांडं करपायला लागलं तरी मी गॅस लगेच बंद करत नाही.