कडेवर बसण्यापुरते पाय

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझी धाकटी बहीण चार वर्षांची झाली, तरी आईच्या कडेवर कधी बसली नव्हती. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले असत, बसणार कशी? आई तिला लाकडांच्या मोळीसारखी दोन्ही हातांवर आडवी घेऊन फिरे. सालेकशाजवळच्या आमच्या गावात बायका लेकरं कडेवर घेऊन बांधावरून जात, तेव्हा आई तिकडे बघायची नाही.

गोंदियाच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, "नस की बीमारी है, मालिश करते रहो।" झालं! आई मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तिला रोज रगडायची. आमच्याकडे समजूत अशी, की लेकरू जितकं रडेल तितकं तेल अंगात मुरतं. बहीण किंचाळायची, पाय आणखी ताठ व्हायचे, आई आणखी जोर लावायची आणि स्वतःही रडायची. मला त्या तेलाच्या वाटीचाच संताप यायचा. चुलीशी वाटी वाजली की पोरीची मूठ आधीच आवळायची हो!

त्या वर्षी धानाच्या रोवण्यात, दिवसभर चिखलात रोपं लावून, आईच्या हातांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. हात चिरून लाल झालेले, रगडणं शक्यच नव्हतं. तिनं कसंबसं तेल लावलं आणि तळवे नुसते पोरीच्या मांड्यांवर ठेवून बसली. घरात आवाज नाही. आई घाबरली.

"काऊन रडून नाही राहिली गे ही? बघ तं."

मी वाकून पाहिलं. बहीण टकामका आईकडे बघत होती आणि आईच्या हातांखाली तिचे गुडघे हळूहळू सैल पडत होते. आईनं हात उचलले नाहीत.

"म्हणजे इतके दिवस मीच दुखवून राहिली होती का तिले?" ती म्हणाली. मला रडू फुटलं.

चिखल्या बऱ्या झाल्या, पण आईनं पुन्हा जोर लावला नाही; रोज तेल लावून तळवे नुसते ठेवून बसायची. शेजारीण म्हणाली, "असं कुरवाळून का होते?" आई म्हणाली, "तू आपलं पोर रगड."

बहीण कधी चालली नाही. खोटं सांगून काय मिळणार? पण दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, तेव्हा आई तिला कडेवर घेऊन निघाली. एक पाय पुढे, एक मागे. गाव संपेपर्यंत आई एका बाजूला पार वाकली होती. बाबा म्हणाले, "दे इकडं, थकशील."

"नाही देत," आई म्हणाली. "चार वर्षांपासून वाट पाहून राहिली मी."