पेटीवरचा माड

पेटीवरचा हिरवा झेंडा पाहून आमच्या बौद्ध मंडळाचे सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे काय? यानं धर्म बदलला होता का?"

पेटीत माझा मुलगा होता.

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीच्या त्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. भंतेजी यायचे होते. सुनेनं घरून आणलेला पंचशील ध्वज मी सकाळी स्वतःच्या हातानं पेटीवर घातला होता. मी तोंडावर पाणी मारून येईपर्यंत त्याच्यावर हा दुसरा आला होता. हिरवा, आणि मधोमध पिवळी चंद्रकोर.

"अरे, ये तो पाकिस्तान का है," मागून मुलाच्या ओळखीचा कोणीतरी पुटपुटला.

"इट्स नॉट," माझी नात म्हणाली. ती बारावीला आहे. रडून तिचा आवाज बसला होता. "हा कोकोसचा आहे. बाबाच्या क्लिनिकबाहेर असतो."

कोकोस हे ऑस्ट्रेलियाचंच बेट, पण पर्थहूनही विमानानं पुष्कळ लांब. तिथल्या दवाखान्यात तो नर्स होता. बायको-मुलगी आणि मी इथं, वेरिबीजवळ टार्निटला. वर्षभराचं काम आहे, मग येतोच, असं सांगून गेला. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला हा झेंडा दाखवला होता. कोपऱ्यात पिवळ्या गोलात माड, मध्ये चंद्र, पलीकडे पाच चांदण्या.

"आई, झेंड्यावर माड बघ. आपल्या गावच्यासारखा."

"नारळ लागतात का त्याला?"

"तुझं आपलं काहीतरीच."

तिथली बरीच माणसं मुसलमान आहेत, म्हणून चंद्र. चांदण्या ऑस्ट्रेलियाच्या. माड सगळ्यांचा. हे त्यानंच सांगितलं होतं.

सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन वाकले. "काकू, काढू ना? माणसं नाही नाही ते बोलतात."

धर्म बदलला का, हे मी सात वर्षांची असताना ऐकलं होतं. माझ्या बापानं घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले, तेव्हा काठावर उभे राहून गावकरी हसत हसत हेच विचारत होते. बाप काही बोलला नाही. मला गप्प बसणं जमत नाही.

"बदलला असता तर काय?" मी म्हटलं. "तुमच्या-माझ्या बापानं बदललाच ना?"

ते सरळ उभे राहिले. मग सून बोलली. बातमी आल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती. "आई, तो आपला होता. जाताना आपलाच ध्वज वर हवा."

तिचं चुकत नव्हतं. मलाही तेच हवं होतं. मी हिरवा झेंडा काढायला हात घातला. कापड उन्हानं विटलेलं, खाऱ्या वाऱ्यानं राठ झालेलं. एक कड फाटून पुन्हा शिवली होती. जाड पांढरा दोरा, धावदोरा, टाके वाकडेतिकडे. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या बाईचं काम. माझेही टाके हल्ली असेच पडतात.

"हे कोणी शिवलं?" मी विचारलं.

शेवटच्या रांगेतून डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पुढे आली. झेंडा तिनंच घातला होता. ती इंग्रजीत बोलत होती, नात मला सांगत होती.

"आजी, ही बाबाच्या क्लिनिकमध्ये क्लीनर आहे. झेंडा तिथल्या काठीवरचा आहे. हिच्या आईनं शिवून दिला. म्हणाली, नवा नको, त्याच्या ओळखीचा न्या."

"आईला बरं नव्हतं ना हिच्या? तो फोनवर सांगायचा," सुनेनं एकदम विचारलं. मग तिलाच कळलं आपण काय विचारलं ते, आणि ती खाली बसली.

पलीकडच्या बेटावरून एका आजारी म्हातारीला होडीनं दवाखान्यात आणायला तो गेला होता, एवढं आम्हाला फोनवर कळलं होतं. वाऱ्यानं होडी उलटली. त्याला पोहता येत होतं. खाडीत मीच शिकवलं होतं.

मी हिरव्याखालचा पंचशील ध्वज ओढून काढला, घडी केली आणि सुनेच्या मांडीवर ठेवला. "हा माझ्या वेळी घाल."

तिनं घडी धरली.

भंतेजी आले. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सुरू करू?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. ती बाई हात जोडून उभी राहिली. तिला शब्द येत नव्हते, मला त्या दिवशी आठवत नव्हते.

होडीत चौघं होती. होडीवाला जगला. ही बाई जगली. तिची आई जगली, ती माझ्याच वयाची आहे.