तांबड्या लेबलाची तबकडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हासुद्धा दुसरंच काहीबाही पुटपुटून परत येतो. नऊ वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — आणि नाही जमलं तर मध्येच विषय बदलेन. त्यात मी पटाईत आहे.

आधी गाण्याचं सांगतो. तेवढं सोपं आहे.

मी जालना स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून. स्टेशनाच्या मागं रेल्वेवाल्यांचा एक छोटा क्लब होता. लाकडी फरशीचा हॉल, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चावीचा ग्रामोफोन. ड्रायव्हर, गार्ड आणि त्यांच्या घरची माणसं, बहुतेक गोव्याकडचे ख्रिस्ती, शनिवारी संध्याकाळी तिथं जोडीजोडीनं नाचायचे. मी नाचत नसे. आईला नुसतं कळलं असतं तरी तिनं मला बाहेरच आंघोळ घालून घरात घेतलं असतं. मी ग्रामोफोन सांभाळायचो. चावी द्यायची, सुई बदलायची, कशानंतर काय लावायचं ते ठरवायचं. लहानपणी चार वर्षं तबला शिकलो होतो. लय कळायची — आणि आपल्याला कळते याचा मला भारी माज होता.

तिथं डायस म्हणून एक ड्रायव्हर होते. होते म्हणजे, पूर्वी ड्रायव्हर होते. इंजिनावरून पडून डावा पाय मांडीत मोडला आणि बसला तो वाकडाच. मग त्यांना शेडमध्ये हजेरी घ्यायचं काम दिलं. बायको वारलेली, एकच मुलगी, ग्रेसी. तिचं लग्न मनमाडच्या मुलाशी ठरलं, ईस्टरनंतरच्या एका शनिवारी. त्यांच्यात चाल अशी की लग्नाच्या दिवशी मुलगी आधी बापाबरोबर नाचते आणि मग नवऱ्याबरोबर. डायस चार महिने आधीपासून एकच गोष्ट बोलत होते. नाचणार, काठी न घेता, आणि त्याच गाण्यावर, ज्यावर ते आणि त्यांची बायको नाचायचे.

ते गाणं अमेरिकेतलं. तिकडच्या काळ्या लोकांनी काढलेली ती लय, तिला स्विंग म्हणायचे. माणूस खुशीत चालत असला की टाच जशी जराशी उशिरा टेकते, तशी ती चाल. आपल्याकडं एकच चीज तीन घराण्यांचे लोक तीन तऱ्हांनी गातात ना, तसंच ते गाणं निरनिराळ्या बँडांनी वाजवलेलं होतं. डायस यांची स्वतःची तबकडी झिजून खरखरीत झाली होती. आता दुसऱ्या कुठल्या बँडावर हा पाय टिकेल, एवढाच प्रश्न होता.

तो सोडवला कासीमभाईंनी.

कासीमभाईंचं गावातच, कादराबादेत दुकान होतं, ग्रामोफोन आणि घड्याळं दुरुस्त करायचं. सिकंदराबादचे गोरे अंमलदार परत जाताना विकून गेलेल्या तबकड्या ते तिथल्या बाजारातून उचलून आणायचे. पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. त्यांच्याकडं येणारं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं, का ते तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं येत होतं ते एका गोष्टीवर — क्लबाचं मशीन कासीमभाई बघतात, म्हणजे माणूस भरवशाचा आहे. हे ते स्वतःही सांगायचे, जो येईल त्याला. त्यांच्याजवळ दुसरं काही सांगण्यासारखं उरलंच नव्हतं.

एका दुपारी आम्ही दोघांनी त्यांच्या दुकानात तीन तबकड्या लावून पाहिल्या. काळ्या लेबलाची क्लबातलीच होती, मी नेलेली. तिच्यात पितळी वाद्यांचा नुसता जल्लोष, लय चढी, आणि मध्ये एका ठिकाणी सगळा बँड एकदम गप्प बसतो. चार मात्रा काहीच नाही, आणि मग सगळे मिळून पुन्हा तुटून पडतात. मला ती फार आवडायची. तबल्यात तिहाई जमली की अंगावर काटा येतो, तसं व्हायचं. हिरव्या लेबलाच्या तबकडीवर एक बाई गात होती. सुंदर गात होती, पण तिची मर्जी होईल तिथं थांबे, मर्जी होईल तिथं धावे. तिसरी तांबड्या लेबलाची. तिच्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. एक जाड तारेचं वाद्य पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊल टाकत राहतं, बाकीचे त्याच्या आगेमागे सावकाश येतात, कुणी घाई करत नाही, कुणी थांबत नाही.

कासीमभाई काय करत होते सांगू? प्रत्येक तबकडीवर ते दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत डायससारखे चालून बघत होते. डावा पाय ओढत, अर्धी गिरकी घेत, परत. रस्त्यावरची माणसं थांबून हसत होती. त्यांना फिकीर नव्हती. काळीवर ते दोनदा अडखळले. तांबडी पुरी झाली तेव्हा स्टुलावर बसून घाम पुसत म्हणाले,

"बाबूसाब, ही बराबर हाय. हिच्यात पाय उचलायला जागा हाय, आन ठेवायलाबी."

मला ते लागलं. काळी चांगली हे मी आधीच बोलून बसलो होतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसानं मला लय सांगावी? पण पायाचं त्यांचं म्हणणं खरं होतं, ते मलाही दिसत होतं. मी मान डोलावली. त्यांनी तांबड्या लेबलावर खडूनं छोटी फुली केली, म्हणजे ऐन वेळी गडबड नको. दीड महिना डायस आणि ग्रेसी तिच्यावरच सराव करत होते, कासीमभाईंच्या दुकानामागच्या खोलीत, कारण डायसना क्लबात कुणी पडताना बघायला नको होतं. लग्नाच्या आधी दोन दिवस, गुरुवारी, तबकडी क्लबात न्यायला मी गेलो. तेव्हा ते म्हणाले, "लाखेची चीज हाय. सावलीत ठेवा, उभी ठेवू नका." मी म्हणालो, एवढं मलाही कळतं.

आणि तासाभरानं ती मी पार्सल ऑफिसच्या पश्चिमेच्या खिडकीत उभी टेकवून ठेवली.

मोसंबीच्या करंड्या आल्या होत्या, हात मोकळे हवे होते. एवढंच. मुद्दाम केलं नाही — बघा, लगेच लागलो ना? कारणं सांगायला. एप्रिलातलं जालन्याचं ऊन. सहा वाजता खिडकीशी गेलो तर तबकडी भाजलेल्या पापडासारखी झाली होती.

इथं एक लक्षात घ्या. तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती. शुक्रवार अख्खा माझ्याकडं होता. स्टेशनापासून कादराबाद काही परगाव नाही. मी कासीमभाईंकडं जाऊ शकत होतो. गेलो नाही. का गेलो नाही? "सावलीत ठेवा" म्हणाले होते ना, म्हणून. त्यांच्यासमोर ती वाकडी तबकडी धरायची आणि त्यांनी ती हातात घेऊन बघायची, एवढं मला नको होतं. डायसच्या पायापेक्षा मला तेवढं मोठं वाटलं.

मग मी माझी हुशारी चालवली. ग्रामोफोनला वेगाची कळ असते. काळी तबकडी लावायची, कळ मागं सारायची, म्हणजे ती तांबडीच्या लयीवर येते. शुक्रवारी मी क्लबात एकटा बसून ते जमवलं. सूर खाली उतरतो, पण नाचताना सूर कोण ऐकतं? मधल्या चार मात्रा मला आठवत होत्या. विसरलो होतो असं सांगितलं तर खोटं होईल. मला वाटलं, निघून जाईल.

शनिवारी सकाळी चर्चमध्ये लग्न झालं. चार वाजता सगळे क्लबात आले. कासीमभाईंनाही आमंत्रण होतं, डायस यांनी स्वतः जाऊन केलेलं. इस्त्री केलेली शेरवानी घालून ते दाराशी उभे होते. डायस यांनी काठी खुर्चीला टेकवली आणि मुलीचा हात धरला. मी सुई ठेवली.

पहिल्या ओळीलाच कासीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना दुसऱ्या मात्रेत कळलं होतं.

पण डायस नाचत होते. खरंच नाचत होते. ओठ हलवत मोजत होते, ग्रेसी रडत होती आणि हसत होती, भिंतीशी बसलेल्या बायका हळूहळू टाळ्या देत होत्या. मला वाटलं, निभावलं. आणि बँड गप्प झाला. डायसचा उजवा पाय उचललेला होता, सगळा भार डाव्यावर, आणि पुढची मात्रा येईना. तांबडीत ती कधी चुकली नव्हती. ते तसेच थांबले — वाट बघत. मग बँड एकदम तुटून पडला, ते दचकले आणि बाजूला कोसळले. ग्रेसी त्यांच्याबरोबर. हाड मोडल्याचा आवाज मी ग्रामोफोनपाशी ऐकला.

तिचा पांढरा झगा, तो ओरडा, लोकांनी फळीवर घालून त्यांना नेणं — हे मी सांगत नाही. ते सांगितलं की माझं राहून जाईल.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. स्टेशनमास्तरांनी फिरणारी तबकडी हातानं थांबवली, लेबल पाहिलं आणि विचारलं, ही कुणी ठरवली? मी काही बोललो नाही. नुसतं दाराकडं बघितलं. बोललो नाही हे खरं, पण कुठं बघायचं ते मला ठाऊक होतं. त्या दिवसांत तसल्या माणसाकडं नुसतं बघितलं की पुढं कुणी फारसं विचारत नसे. हेही मला ठाऊक होतं.

कासीमभाई पुढं आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी तांबडी दिल्ती. खडूची खूण करून दिल्ती. बाबूसाबला विचारा."

स्टेशनमास्तर माझ्याकडं वळले. "तांबडी दिल्ती का रे यानं?"

सगळा हॉल ऐकत होता. कासीमभाई माझ्याकडं बघत होते, रागानं नाही. मी आता खरं बोलणार, अशा विश्वासानं बघत होते.

मी म्हणालो, "न्हाई."

एवढंच. एक शब्द. घरी मी नाही म्हणतो, ऑफिसात नाही म्हणतो. त्या वेळी तोंडातून न्हाई निघालं, म्हणजे आतून आलं असणार.

डायसचा पाय तिथंच पुन्हा मोडला. सिकंदराबादच्या इस्पितळात तीन महिने काढले, हजेरीचं कामही गेलं, आणि मग ते मुलीकडं मनमाडला राहायला गेले ते कुबड्यांवर. ग्रेसी नवऱ्याबरोबर त्या दिवशी नाचलीच नाही. सराव कुठल्या तबकडीवर झाला, हे तिला कुणी विचारलंच नाही. पुढं कधी नाचली का, मला माहीत नाही.

क्लबानं मशीन कासीमभाईंकडून काढून घेतलं. कुणीतरी म्हणालं, चूक कसली, मुद्दाम केलं असेल. तो शब्द बाजारात गेला. एकेक जण आपापला ग्रामोफोन, आपापलं घड्याळ परत घेऊन गेला. लोक मला विचारायचे, तू तिथं होतास ना? मी म्हणायचो, जाऊ द्या, कशाला तो विषय. आणि त्यांना वाटायचं, बघा, केवढ्या मनाचा आहे.

महिन्याभरानं मला त्यांच्या दुकानावरून जावं लागलं. दुसरा रस्ता खणून ठेवला होता. ते पायरीवर बसले होते. समोर उन्हात दोन काचा एकावर एक, त्यांच्यामध्ये कुणाचीतरी तबकडी. मी मान खाली घालून निघालो होतो. ते हळूच म्हणाले, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं,

"वाकली असंल तर आणायची व्हती, बाबूसाब. दोन काचांत ठिवली की दुपारपस्तोर सरळ व्हते."

त्यांनी ओळखलं होतं. कदाचित त्या पहिल्या ओळीलाच. आणि तरी चारचौघांत बोलले नाहीत, मला एकट्याला सांगितलं — अजून आण, असंच ना ते? आणखी काय असणार? दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "कुठली?"

मग त्यांनी काचा उन्हाच्या बाजूला सरकवल्या आणि आत गेले. हॉलमध्ये मी घाबरलो होतो, तिथं निदान भीती होती. पायरीपाशी कसली भीती होती? दिवाळीच्या आधी दुकानाला कुलूप लागलं. ते बायकामुलांना घेऊन परभणीकडं गेले म्हणतात. मी चौकशी केली नाही.

तबकडी मी टाकली नाही. माझ्या ट्रंकेत तळाशी आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेली. बायकोनं एकदा विचारलं होतं, तिला म्हणालो, ऑफिसची आहे.

गेल्या महिन्यात बायको माहेरी गेली होती. खिडकीच्या दोन काचा काढल्या, पुसल्या, तबकडी मध्ये घातली आणि अंगणात ठेवली. सकाळचे दहा वाजले असतील. मी शेजारी बसून राहिलो. दीड वाजता काचा उचलल्या. सरळ झाली होती. खडूची फुली पुसट झाली आहे, पण दिसते.

स्टेशनमास्तरांनी विचारलं होतं, तांबडी दिल्ती का यानं.

दिल्ती.