पॅनदेवाची झोपमोड

निकिप्पाच्या तोंडी लागायची आमच्या मेनालोस डोंगरावर कुणाची टाप नव्हती. नवरा गेल्यावर तिने एकटीने शेळ्या राखल्या, ओकची फळं भाजून खाल्ली, पण पोरीला दूध कधी कमी पडू दिलं नाही. अशी तोंडाळ बाई भरदुपारी मात्र अगदी चिडीचूप. त्या वेळी आमचा रानाचा नि कळपांचा राखणदार पॅनदेव शिकारीहून दमून सावलीत आडवा झालेला असतो. त्याची झोप मोडली की तो असा काही ओरडतो की कळपच्या कळप भेदरून कड्यावरून उड्या घेतात. म्हणून दुपारी आम्ही कुणी बासरीला ओठ लावत नाही. खोकतोसुद्धा बेतानंच.

त्या उन्हाळ्यात तिची मिर्तो हरवली. सकाळी शेळ्यांमागे हुंदडत होती, ऊन डोक्यावर आलं तर पोर गायब! निकिप्पाने झुडूपन्‌झुडूप धुंडाळलं. मोठ्याने हाक मारायची सोय नाही. शेवटी तिने कमरेची वेळूची बासरी उपसली. हाकेपेक्षा ती लांब पोचते, आणि आईची धून पोरीला ठाऊक होती.

शेजारच्या किलोनने तिचा हात धरला. "वहिनी, वेड लागलंय का? आमचेही कळप घालवाल!"

"हात सोडा, भावजी. पोरच गेली तर शेळ्या घेऊन काय चाटायचंय मला?"

आणि तिने फुंकर घातली. झालं! रानातून कसलासा भयंकर आवाज उठला, तिच्या शेळ्या बिथरल्या आणि ओढ्याच्या घळीकडे सुसाट सुटल्या. निकिप्पा रडत, शिव्या घालत मागे धावली. दोन शेळ्या दगडांवर आपटून मेल्या. बाकीच्या तळाशी जाऊन थांबल्या. त्यांच्या मधोमध पाय मुरगळून मिर्तो बसली होती, रडून रडून घसा बसलेला. त्या घळीत शोधायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

"देव चिडला बरं का, वहिनी," किलोन पुटपुटला.

"चिडू दे! चिडूनसुद्धा माझं काम केलं ना त्याने? तुम्ही तर हातच धरून बसला होतात."

पानगळीत शिकारीला गेलेले पुरुष हात हलवत परत आले. अशा वेळी आमच्याकडे पॅनदेवाच्या लाकडी मूर्तीला रानकांद्यांनी झोडपतात. शिकार देणं त्याचं काम. नाही दिली तर खा मार! दरवर्षी निकिप्पाही खिदळत बघायची. यंदा मात्र ती मूर्तीसमोर आडवी आली.

"वहिनी, बाजूला व्हा. रीत आहे ती," किलोन म्हणाला.

"रीत मला शिकवू नका. मटणच हवंय ना?" ती तरातरा गेली आणि सगळ्यांत दुभती शेळी ओढत घेऊन आली. मिर्तो हिच्याच दुधावर वाढलेली. "ही घ्या. पण याच्या अंगाला कांदा लागला तर गाठ माझ्याशी आहे."

पुरुषांनी मुकाट्याने कांदे खाली टाकले.

शेळी त्यांच्या हवाली करण्याआधी तिने तिचं शेवटचं दूध काढलं, त्यात मध घातला आणि वाडगा मूर्तीच्या पायाशी ठेवला. डोळे घळाघळा वाहत होते. "बाबा रे, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत," ती म्हणाली. "झोपमोड केली, पोटात घाल. पण पोर पुन्हा हरवली, तर पुन्हा उठवीन हो तुला."